घड्याळाची केस स्टीलची, टायटॅनियमची की प्लॅस्टिकची? पळताना जीपीएसच्या अंतरात खरंच फरक पडतो का?

सुदामानगरची · रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज विचारूनच टाकते.

मी इंदूरला आठवड्यातून चार दिवस पळते. दोन दिवस पिपल्यापाळ्याचं रीजनल पार्क, एक दिवस सुपर कॉरिडॉर, आणि रविवारी आमचा गट राजवाड्यावरून निघतो. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, सराफ्याच्या मागच्या गल्ल्या, असा दहा किलोमीटरचा फेरा होतो आणि मग पोहे.

गेल्या वर्षी मला पन्नास पूर्ण झाली तेव्हा बाबांनी स्टीलच्या केसचं जीपीएस घड्याळ दिलं. ब्याऐंशीव्या वर्षी स्वतः दुकानात गेले, चार घड्याळं हातात तोलून बघितली आणि "हे टिकेल" म्हणून हे निवडलं. माझं जुनं प्लॅस्टिकचं घड्याळ तेव्हापासून मुलगा वापरतो.

अडचण अशी की आम्ही मायलेक शेजारी शेजारी पळतो आणि आकडे जुळत नाहीत. आज त्याचे १०.०७ किलोमीटर झाले, माझे १०.४१. मागच्या रविवारीही असंच. घरी येऊन नकाशा उघडला तर माझी रेघ सराफ्यातल्या घरांच्या छपरांवरून गेलेली. पेसही, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, खोटा दाखवतं. मी ६:४० नी पळतेय असं पायांना कळत असतं आणि घड्याळ म्हणतं ६:०५.

गटातली मैत्रीण म्हणते, धातूची केस सिग्नल अडवते. दुकानात विचारलं तर विक्रेत्यानं सांगितलं, "टायटॅनियम घ्या, त्यातून सिग्नल आरपार जातो." किंमत ऐकून परत आले. बाबांनी दिलेलं घड्याळ बाजूला ठेवायचं जिवावर येतं, पण नोव्हेंबरपासून हाफ मॅरेथॉनची तयारी आहे आणि चुकीच्या पेसवर सराव करायचा नाहीये.

हातातल्या घड्याळाचा फोटो जोडते. जाणकारांनी सांगावं.

भल्यापहाटे · रविवार, रात्री ९:३२

ताई, प्लॅस्टिक. मी तीन घड्याळं वापरली, धातूचं एक होतं, त्याच्यातच घोळ व्हायचा. पळणाऱ्याला धातू कशाला हवा? जड, उन्हाळ्यात तापतो, थंडीत मनगटाला बर्फ लावल्यासारखा. कोरोसचं पेस ३ बघा, २०२३ मध्ये आलं, पॉलिमरची केस, नायलॉनच्या पट्ट्यासकट ३० ग्रॅम. हातात आहे हे विसरायला होतं.

राजवाडा_ते_राऊ · रविवार, रात्री ९:५०

मी उलट सांगतो. माझ्याकडे गार्मिनचं फेनिक्स ७ सफायर सोलर आहे, टायटॅनियमच्या कड्याचं. मित्राकडे तेच फेनिक्स ७, साधं, स्टीलच्या कड्याचं. दोघं दोन वर्षांपासून सोबत पळून राहिलो. माझी रेघ रस्त्यावर असते, त्याची डिव्हायडर ओलांडते. मॉडेल तेच, कंपनी तीच, फक्त धातू वेगळा. म्हणजे दुकानवाला खोटं नाही बोलून राहिला.

रेडिओकाका · सोमवार, सकाळी ६:१५

काल रात्रीच वाचलं, पण हे उत्तर नीट लिहायला हवं म्हणून सकाळची वाट पाहिली. माझी नोकरी अँटेनांमध्येच गेली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी सिग्नल किती नाजूक आहे ते बघा. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात. तिथून निघणारी ताकद घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बाच्या आसपासची. ती निम्म्या पृथ्वीवर पसरते. आपल्या मनगटावर पोचेपर्यंत एका वॉटचे शंभर कोटी कोटी भाग केले तर त्यातला एक उरतो. इतक्या क्षीण सिग्नलवर घड्याळ आपली जागा ठरवतं, यानंच मी आजही थक्क होतो.

आता धातू. जीपीएसचा मुख्य सिग्नल, ज्याला एल-१ म्हणतात, १५७५.४२ मेगाहर्ट्झवर असतो. या वारंवारतेची लहर धातूत शिरते तेव्हा वरच्या अगदी पातळ थरातच विरून जाते. स्टेनलेस स्टीलमध्ये हा थर साधारण ११ मायक्रॉन, घड्याळात वापरतात त्या टायटॅनियमच्या मिश्रधातूत १६-१७ मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा केस ५० मायक्रॉनपेक्षा जाड असतो. घड्याळाच्या केसची भिंत एक मिलिमीटरची धरली तरी दोन्ही धातूंतून आरपार काहीही जात नाही. टायटॅनियम हलकं आहे, घामानं गंजत नाही, त्वचेला सोसतं, हे सगळे गुण खरे. पण रेडिओलहरींना ते स्टीलइतकंच बंद दार आहे. दुकानात तुम्हाला जे सांगितलं ते चूक आहे.

मग धातूच्या घड्याळात जीपीएस चालतंच कसं? कारण सिग्नल केसच्या भिंतीतून येत नाही. तो वरून, काचेच्या बाजूनं येतो, किंवा धातूचं कडंच अँटेनाचं काम करतं. साधी काच आणि सफायरची (नीलमण्याची) काच दोन्ही वीज वाहून नेत नाहीत, त्यामुळे लहरी त्यांतून जातात. एल-१ ची तरंगलांबी १९ सेंटिमीटर. ४५ मिलिमीटर व्यासाच्या कड्याचा परीघ १४ सेंटिमीटरच्या आसपास येतो. कड्याखाली योग्य प्लॅस्टिक किंवा सिरॅमिक ठेवलं की लहर त्यात आखडते आणि १४ सेंटिमीटरचं कडं १९ सेंटिमीटरच्या लहरीला जुळवता येतं. गार्मिननं २०१५ च्या फेनिक्स ३ मध्ये स्टीलचं कडं अँटेनाच्या कामाला लावलं आणि त्याला एक्सो अँटेना असं नाव दिलं. अशा रचनेत तोच धातू सिग्नल झेलतो.

म्हणून केस कशाची आहे हा प्रश्न अर्धा आहे. अँटेना कुठे बसवली आहे आणि तिच्याभोवती काय आहे, हे कळल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

सुरुवातीच्या घड्याळांत हे डोळ्यांना दिसायचं. गार्मिनचं पहिलं फोररनर २००३ चं, मनगटावर छोटा डबा बांधल्यासारखं. सुंटोच्या २०१२ च्या अँबिटला पट्ट्याच्या बाजूला उंचवटा होता, अँटेना त्यात. लोक त्याला कुरूप म्हणायचे. मला तो प्रामाणिक वाटायचा. अँटेनाला जागा लागते आणि ती त्यांनी दिली होती.

प्लॅस्टिकचा फायदा नाकारत नाही. पॉलिमर लहरींना अडवत नाही, त्यामुळे अँटेना कुठेही बसवा, रचनाकाराचं काम सोपं होतं. धातूत तेच काम कौशल्याचं होतं. चांगलं केलेलं धातूचं घड्याळ वाईट केलेल्या प्लॅस्टिकच्या घड्याळाला सहज मागे टाकतं.

राजवाडा_ते_राऊ · सोमवार, सकाळी ८:०५

काका, पटलं. पण मग माझ्या आणि मित्राच्या घड्याळात दोन वर्षं फरक कसा काय दिसून राहिला? तो तर मी डोळ्यांनी बघितलाय.

रेडिओकाका · सोमवार, सकाळी ८:४०

तुम्ही पाहिलेला फरक खरा आहे, कारण दुसरं आहे. जानेवारी २०२२ मध्ये फेनिक्स ७ आलं तेव्हा मल्टी-बँड जीपीएस फक्त सफायर सोलर प्रकारात होतं. साध्या फेनिक्स ७ मध्ये नव्हतं. आणि सफायर सोलरलाच टायटॅनियमचं कडं होतं. म्हणजे महागड्या घड्याळात दोन गोष्टी एकदम आल्या, डोळ्यांना दिसला धातू, काम केलं आतल्या चिपनं. माझ्या मते "टायटॅनियम सिग्नल चांगला पकडतं" हा समज बऱ्याच अंशी इथूनच पसरला.

पडताळा हवा असेल तर २०२३ ची घड्याळं बघा. फेनिक्स ७ प्रोमध्ये स्टीलच्या कड्यालाही मल्टी-बँड मिळालं. फोररनर २६५ चं कडं पॉलिमरचं, ९६५ चं टायटॅनियमचं, दोन्हींची केस पॉलिमरची आणि दोन्हींत मल्टी-बँड आहे.

पार्कातली_फेरी · सोमवार, सकाळी ११:२०

मल्टी-बँड म्हणजे नक्की काय ते कुणी सोपं करून सांगाल का? माहितीपत्रकात जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, ड्युअल फ्रिक्वेन्सी सगळं एकाच ओळीत लिहितात आणि मला सगळं एकच वाटतं.

रेडिओकाका · सोमवार, दुपारी १:००

जीपीएस अमेरिकेचं, ग्लोनास रशियाचं, गॅलिलिओ युरोपचं, बैदू चीनचं. अनेक यंत्रणा वापरल्या की आकाशात जास्त उपग्रह दिसतात. मल्टी-बँड किंवा ड्युअल फ्रिक्वेन्सी म्हणजे एकाच उपग्रहाकडून दोन वारंवारतांवर ऐकणं, एल-१ आणि ११७६.४५ मेगाहर्ट्झचा एल-५.

पळणाऱ्याला याचा उपयोग कुठे? सराफ्यात. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना तीन-चार मजली घरं. उपग्रहाचा सिग्नल सरळ येतोच, शिवाय समोरच्या भिंतीवर आपटूनही येतो. आपटून आलेला जास्त चालून आलेला असतो. घड्याळानं त्यालाच खरा मानलं की उपग्रह आहे त्यापेक्षा दूर वाटतो आणि तुमची जागा सरकते, कधी शेजारच्या छपरावर. एल-१ वरचा नागरी संकेत तुलनेनं जाडा आहे, त्याचा एक तुकडा जवळजवळ ३०० मीटर लांबीचा. एल-५ चा तुकडा दहापट बारीक, ३० मीटरच्या आत. बारीक दातांचा कंगवा केसांतला गुंता जसा वेगळा करतो, तसा एल-५ खरा सिग्नल आणि त्याचा प्रतिध्वनी जास्त चांगला वेगळा करतो.

आणखी एक बारकावा. जीपीएसची लहर उजव्या हाताच्या दिशेनं फिरत येते. भिंतीवर आपटली की बहुतेक वेळा डावीकडे फिरू लागते. जमीन मोजणाऱ्यांच्या मोठ्या अँटेना हा फरक ओळखून आपटलेली लहर नाकारतात. मनगटावरच्या एवढ्याशा अँटेनाला ते फारसं जमत नाही, केस कशाचीही असो.

भल्यापहाटे · सोमवार, दुपारी २:१५

काका, मी माझ्या मतावर आहे. तुम्हीच म्हणालात प्लॅस्टिकमध्ये काम सोपं. मग सामान्य माणसानं सोपं ते का घेऊ नये? प्रत्येकाला घड्याळाच्या आत अँटेना कुठे आहे हे कुठून कळणार?

रेडिओकाका · सोमवार, दुपारी ३:३०

नवीन घेणाऱ्यासाठी तुमचा सल्ला योग्यच आहे. ताईंकडे घड्याळ आहे आणि त्यामागे त्यांचे वडील आहेत, म्हणून मी कारण शोधतोय.

जेलरोड_घड्याळदुरुस्ती · सोमवार, रात्री १०:४५

दुकान बंद केल्यावर वाचायला बसलो. जेलरोडला माझं लहानसं दुकान आहे, स्मार्टवॉचच्या बॅटऱ्या, काचा, सील बदलतो. रोज दोन-तीन तरी उघडतो.

ताई, तुमचा फोटो मोठा करून पाहिला. घड्याळाच्या कड्यावर वरून दुसरं कडं बसवलंय का? स्क्रू दिसतोय एक, सहाच्या अंकाच्या बाजूला. ते धातूचं संरक्षक कव्हर आहे ना?

असेल तर आधी ते काढा. माझ्याकडे अशी गिऱ्हाइकं येतात. घड्याळ पडेल, ओरखडा येईल म्हणून बाजारातून वेगळं मेटलचं कडं घेऊन वरून आवळतात. रेडिओकाकांनी सांगितलंच, कडं हीच अँटेना असू शकते. तिच्यावर दुसरं धातूचं कडं चिकटलं की काय होईल? मला गणित येत नाही, पण तबल्याच्या शाईवर हात ठेवून वाजवून बघा, तसं होतं. रबरी किंवा टीपीयूच्या, म्हणजे लवचिक प्लॅस्टिकच्या, कव्हराचा असा त्रास माझ्या पाहण्यात नाही.

दुसरं, कुणाकडून उघडून घेतलं असेल तर सांगा. आत अँटेनाला टेकणारी बारीक स्प्रिंगसारखी पत्ती असते. घड्याळ परत बंद करताना ती वाकली किंवा तिच्यावर गोंद आला तर बाकी सगळं चालतं, फक्त जीपीएस लंगडं होतं. गिऱ्हाईक महिनाभर केसच्या धातूला दोष देतं.

सुदामानगरची · सोमवार, रात्री ११:०५

हो! आहे कव्हर. बाबांनी दिलेल्याला ओरखडा येऊ नये म्हणून घेतल्याच्या आठवड्यातच मी बसवून आणलं. काळा रंग आहे, म्हणून मला ते घड्याळाचाच भाग वाटायला लागलं होतं. ते लोखंडाचं की ॲल्युमिनियमचं माहीत नाही. घड्याळ कधी उघडलेलं नाही.

उद्याच काढते. पण नुसतं काढून "बरं वाटतंय" असं म्हणायचं नाही. फरक नीट मोजायचा तर कसा मोजू, कुणी सांगाल का?

सायकलमाप · मंगळवार, सकाळी ५:२०

शर्यतींचे मार्ग मोजायच्या कामात मी मदत केली आहे, म्हणून मोजण्याबद्दल लिहितो.

राजवाड्याचा फेरा चाचणीला वापरू नका. त्याचं खरं अंतर कुणालाच माहीत नाही. ४०० मीटरचा आखलेला ट्रॅक घ्या. पण लेन सांभाळा. ४०० मीटर हे पहिल्या लेनचं अंतर आहे, आतल्या कठड्यापासून ३० सेंटिमीटर बाहेर धरून मोजलेलं. दुसऱ्या लेनमध्ये एक फेरी ४०७ मीटरची होते, पुढच्या प्रत्येक लेनला साधारण साडेसात मीटर आणखी वाढतात. मायलेक शेजारी पळालात आणि तो दुसऱ्या लेनमध्ये असला तर दहा फेऱ्यांत तो ७० मीटर जास्त पळेल, आणि तुम्ही म्हणाल घड्याळ चुकलं.

आणि ही गोष्ट शर्यतीतही लागू आहे. "मार्ग २१.०९७५ चा होता, माझ्या घड्याळात २१.३ आले, आयोजकांनी चुकीचा मोजला" ही तक्रार दर वर्षी ऐकतो. प्रमाणित मार्ग सायकलनं मोजतात. चाकाला जोन्स काउंटर नावाचा मोजक लावतात, आधी पोलादी फितीनं मोजलेल्या पट्ट्यावर सायकल चालवून तो जुळवतात, कारण टायरमधली हवा उन्हानं फुगली तरी माप बदलतं. मग वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर ठेवून शक्य तितक्या छोट्या वाटेनं मोजतात. वर दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा टाकतात, म्हणजे मार्ग कमी भरू नये. हाफला ते २१ मीटर होतात. आपण मात्र गर्दीतून वाट काढत, पाण्याच्या टेबलाकडे वळत, वळणं बाहेरून घेत पळतो. शंभर-दोनशे मीटर तिथेच वाढतात. त्यात घड्याळाचा काही दोष नसतो.

रेडिओकाका · मंगळवार, सकाळी ७:००

सायकलमाप यांनी लाखमोलाचं सांगितलं. मी दोन गोष्टी जोडतो.

चाचणीचे दोन्ही दिवस घड्याळात तीच वेळ धरा. जीपीएसचे उपग्रह २३ तास ५६ मिनिटांनी आकाशात पुन्हा त्याच जागी येतात. आज सहाला जे आकाश तेच उद्या पाच छप्पनला. सकाळ-संध्याकाळ अशी तुलना केली तर कव्हरची नव्हे, आकाशाची तुलना होते.

आणि सुरू करण्याआधी थांबा. उपग्रह कुठे आहे याची नेमकी माहिती उपग्रहाकडून घ्यायला घड्याळाला सुमारे अर्धा मिनिट लागतं, तेही सिग्नल न तुटता. आदल्या रात्री फोनशी जोडून ठेवलंत तर पुढच्या काही दिवसांचा अंदाज आधीच आत येतो आणि हिरवी खूण लगेच दिसते. तरी खूण दिसल्यावर मिनिटभर मोकळ्या आकाशाखाली उभ्या राहा. पहिल्या किलोमीटरचा निम्मा घोळ घाईतून येतो.

पार्कातली_फेरी · मंगळवार, सकाळी १०:१५

मी ट्रॅकवर कधी जात नाही, रीजनल पार्कातच असते. पावसाळ्यात माझं अंतर नेहमी बिघडतं असं वाटायचं. तो भास समजू का?

रेडिओकाका · मंगळवार, सकाळी ११:००

भास नाही. पानांत पाणी असतं, पाणी या लहरी शोषतं. भरगच्च ओल्या झाडाखाली सिग्नल आणखी मंदावतो. रेसिडेन्सीच्या जुन्या झाडांखालीही हेच. आपलं शरीरही बहुतांश पाणीच आहे, म्हणून हात छातीपुढे आडवा ठेवून पळणाऱ्याच्या घड्याळाला अर्धं आकाश अंगानं झाकलेलं असतं.

सुदामानगरची · शनिवार, सकाळी ९:४०

मंडळी, आकडे आणलेत.

तीन दिवस ट्रॅक. तिन्ही दिवस पहिली लेन, दहा फेऱ्या, म्हणजे ४.०० किलोमीटर. वेळ ६ वाजता, रोज चार मिनिटं आधी. मुलगा माझ्या मागे दोन पावलं, त्याच लेनमध्ये.

बुधवारी कव्हर लावून: माझे ४.१८, त्याचे ४.०५.
गुरुवारी कव्हर काढून: माझे ४.०६, त्याचे ४.०५.
शुक्रवारी परत कव्हर लावून, खात्री करायला: माझे ४.१६, त्याचे ४.०४.

शुक्रवारी संध्याकाळी ते कव्हर कपाटात टाकलं. कव्हर निघाल्यावर स्टीलचं घड्याळ प्लॅस्टिकच्या बरोबरीनं चालतंय. बाबांना फोन करून सांगितलं. त्यांना अर्धंच कळलं, पण घड्याळ चांगलं आहे हे कळलं.

आज सकाळी मात्र सुपर कॉरिडॉरला दोघांचीही रेघ बिघडली. आठ किलोमीटर, माझे ८.२९, त्याचे ८.३३. तिथे तर मोकळं माळरान आहे, उंच घरं फारशी नाहीत. ते का?

राजवाडा_ते_राऊ · शनिवार, सकाळी १०:१०

ताई, मेट्रोच्या पुलाखालून पळून राहिलात ना? ३१ मे २०२५ ला मेट्रो सुरू झाली, त्याच्या आधीपासून तो पूल उभा आहे. सावली मिळते म्हणून आम्हीही तिथूनच पळतो.

रेडिओकाका · शनिवार, सकाळी १०:४५

हेच कारण. डोक्यावर काँक्रीटचा पूल, त्यात लोखंडी सळ्यांचं जाळं, वर रूळ. थेट वरचे उपग्रह झाकले जातात, उरतात ते क्षितिजाजवळचे, आणि त्यांचे सिग्नल खांबांवर आपटत येतात. इथे केस, चिप, मल्टी-बँड कशाचाच पुरता इलाज नाही. पुलापासून पंधरा-वीस मीटर बाजूला, सर्व्हिस रोडवर पळा. पुलाखालूनच पळायचं असेल तर बुटाला लावायचा फूटपॉड घ्या, तो पावलं मोजतो, त्याला आकाश लागत नाही.

दोन शब्द अंतर वाढतंच का याबद्दल. रेघ थोडी थोडी डावीउजवीकडे हलली की वाकडीतिकडी होते, आणि वाकडी रेघ सरळ रेघेपेक्षा नेहमी लांब. म्हणून सरळ रस्त्यावर खराब सिग्नल अंतर वाढवतो. उलट घड्याळाचं सॉफ्टवेअर ती रेघ गुळगुळीत करायला बसलं की वळणं आतून कापतं आणि अंतर कमी करतं. दोन चुका एकमेकींना खाऊन आकडा बरोबर येऊ शकतो. म्हणून नुसता शेवटचा आकडा बघू नका, नकाशावरची रेघ बघा.

ताई, तुमची कव्हर-चाचणी मला फार आवडली. कव्हर परत लावून तिसऱ्या दिवशी पाहिलंत, ते बहुतेक लोक करत नाहीत.

हवाबंगल्यापासून · शनिवार, दुपारी १२:३०

नवीन आहे, पहिलाच प्रतिसाद. सिरॅमिकच्या केसचं आणि कार्बन फायबरच्या केसचं काय? दोन्ही धातू नाहीत, म्हणजे दोन्ही चालतील ना? शिवाय आपलं नाविक, म्हणजे भारताचं स्वतःचं जीपीएस, घड्याळांत आलं तर फायदा होईल का?

रेडिओकाका · शनिवार, दुपारी २:१०

स्वागत. सिरॅमिक, म्हणजे घड्याळात वापरतात ते झिर्कोनिया, वीज वाहत नाही. लहरी त्यातून जातात, पण बऱ्याच मंदावतात, म्हणून अँटेना त्या मापानं जुळवून बसवावी लागते. तेवढं केलं की चालतं. कार्बन फायबर मात्र वीज वाहतो. प्लॅस्टिकसारखा दिसतो, हलका असतो, तरी अँटेनासाठी तो धातूच्या बाजूचा समजा.

नाविकचा विषय माझ्या जवळचा आहे. त्याचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला. हे उपग्रह भूस्थिर आणि भूसमकालिक कक्षेत, जवळजवळ ३६,००० किलोमीटरवर, आपल्याच प्रदेशासाठी ठेवलेले. सुरुवातीला ते एल-५ आणि एस बँडवर बोलायचे, एल-१ वर नाही, आणि छोट्या घड्याळांच्या चिप बहुतांश एल-१ वरच ऐकायच्या. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ पासून एल-१ ही आला. मनगटावरच्या घड्याळाला त्यानं दार उघडलं. नवं घेताना माहितीपत्रकात नाविक लिहिलंय का ते जरूर बघा. सराफ्याच्या गल्लीत डोक्यावरच्या पट्टीत आणखी एखादा उपग्रह दिसणं फार मोलाचं आहे.

भल्यापहाटे · शनिवार, संध्याकाळी ६:००

ताई, तुमचे ट्रॅकचे आकडे बघून मी माझं जुनं धातूचं घड्याळ कपाटातून काढलं. त्याच्यावरही कव्हर होतं, तसलंच. ते काढून उद्या पार्कात घेऊन येतो. मुलाला पाठवून द्या, तिन्ही एकदम मोजू.

जेलरोड_घड्याळदुरुस्ती · शनिवार, रात्री १०:२०

ताई, कव्हरचा स्क्रू काढताना खालच्या कड्यावर खूण उमटली नाही ना? असेल तर दुकानात या, बफ लावून देतो. पैसे नकोत.

सुदामानगरची · रविवार, दुपारी १:१५

सगळ्यांचे मनापासून आभार.

आज राजवाड्याचा फेरा उघड्या घड्याळानं केला. सराफ्यात रेघ अजूनही एकदा घरावर चढली, ते मी आता समजू शकते. पण बाहेर आल्यावर सगळी रस्त्यावर. मुलाचे १०.०९, माझे १०.१२. पेस पायांना वाटतो तोच दाखवतंय.

छत्र्यांपाशी वाकून बुटाची नाडी बांधताना घड्याळ दगडी पायरीला घासलं. कड्यावर चारच्या अंकाशी बारीक ओरखडा आलाय. परत येताना बाबांकडे थांबले. त्यांनी चष्मा लावला, अंगठ्यानं ओरखडा चाचपून पाहिला आणि विचारलं, "आज किती झाले?"

दादा, बफ नको. ओरखडा राहू दे.